अगस्ती तोफेचे दीडशे टन

प्रितम तांडेलला आकडा नुसता ऐकून घेता येत नसे. तो आला कुठून, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गुण म्हणा की खोड, ती आईकडून आलेली. तुळसाबाई माहीमला मासळी घेऊन बसत. गिऱ्हाइकाने सुरमईकडे बोट केलं की त्या हातही न लावता म्हणायच्या, "सव्वादोन." काट्यावर टाकली की सव्वादोनच भरायची. कोणी म्हणालं, "मावशी, तीन तरी असेल," तर त्या चिडायच्या. "तीनची कशी दिसते ते ठाव हाय का तुला?"

प्रितमने सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि सव्विसाव्या वर्षी हादरे मोजायच्या नोकरीला लागला. डिलाईल रोडला एका बंद गिरणीच्या जागेवर टॉवर होणार होता, आणि त्याआधी चार मजले खोल खड्डा. खाली सगळा काळा पाषाण. रोज दुपारी दीडला भोंगा वाजायचा, रस्ता दोन मिनिटं अडवायचे, आणि खड्ड्यात सुरुंग उडायचे. पलीकडच्या चाळीच्या जोत्यावर प्रितम आपलं यंत्र घेऊन बसलेला असायचा. डब्याएवढी पेटी, तिला वायरीने जोडलेला मुठीएवढा सेन्सर. सुरुंग उडाला की पेटीवर आकडा यायचा. मर्यादा पाचची, म्हणजे सेकंदाला पाच मिलिमीटर. आकडा यायचा दोन पूर्णांक काहीतरी, फार तर तीन.

आणि मग वरून आवाज यायचा, "काय रे मशीनवाल्या, आज किती?"

"दोन पॉइंट आठ, काका."

"माझ्या मांडणीवरचो डबो खाली इलो. तुझा आपला दोन पॉइंट आठ."

तिसऱ्या मजल्यावरचे दत्ताराम परब. आयुष्यभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले. एकाच वेळी चार साचे सांभाळायचे, आणि पाठ फिरवून सांगायचे की कुठल्या साच्यावर धागा तुटला. प्रितम त्यांना समजावायचा की सेन्सर इमारतीच्या पायाशीच लावायचा असा नियम आहे. ते म्हणायचे, "मी काय जोत्यावर झोपतंय?" वर हादरा जास्त लागतो हे त्यालाही माहीत होतं. पण नियम जोत्याचा होता, रिपोर्ट जोत्याचा होता, आणि चाळीच्या लेखी रोज दीड वाजता खोटा छोटा आकडा सांगणारा माणूस म्हणजे प्रितम तांडेल.

त्याचे साहेब राजाराम कदम, त्यांना हे सांगायला गेलं की ते म्हणायचे, "लोकांना आकडा नको असतो रे. लोकांना तक्रार हवी असते. तू आकडा लिही आणि सही घे."

या नोकरीतून बाहेर पडायचा प्रितमला एकच रस्ता दिसत होता, आणि तो अंतराळातून जात होता.

'सातवी कक्षा' नावाचा एक गेम होता. लोअर परळलाच, गिरणीच्या एका उरलेल्या शेडमध्ये पंधरा-वीस जणांनी बनवलेला. त्यात टिटवी नावाचं यान होतं, आणि यानावर अगस्ती तोफ. तिचा एक गोळा सुटला की समोरचा अख्खा उल्का-धोंडा फुटायचा. प्रितम हा गेम दोन वर्षं खेळत होता, पण खेळण्यापेक्षा मोजण्यात त्याचा जास्त वेळ जायचा. गेमच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. तिथे सतत एकच वाद: अगस्ती तोफेची ताकद किती? कंपनीच्या पोस्टरवर लिहिलं होतं, दोनशे मेगाटन. म्हणजे वीस कोटी टन स्फोटकं. सगळ्यांनी ते मान्य केलं होतं.

प्रितमने केलं नाही. त्याने व्हिडिओ थांबवून थांबवून धोंड्याचं माप काढलं. टिटवीची लांबी कंपनीनेच एकशेवीस मीटर दिलेली. धोंडा तिच्या शेजारी तरंगत होता. तुलनेने तो नव्वद मीटर भरला. म्हणजे साधारण तीन लाख ऐंशी हजार घनमीटर दगड. दगड फुटून त्याचे घराएवढे तुकडे होत होते, वितळत नव्हता. आता एक घनमीटर काळा पाषाण फोडायला सुरुंगाचा किती माल लागतो हे पुस्तकात बघायची त्याला गरज नव्हती. डिलाईल रोडला रोज घनमीटरमागे चारशे ग्रॅम लागत होता. गुणाकार केला. दीडशे टन.

त्याने ग्रुपवर सगळं गणित टाकलं, चित्रांसकट. वर असंही लिहिलं की समजा धोंड्याची पार वाफ केली, तरी पंचवीस लाख टनांच्या वर काही जात नाही. मग वीस कोटी आले कुठून?

पहिलं उत्तर आलं, "दीडशे टन? भाऊ, तोफ आहे की सुतळी बॉम्ब?"

दुसरं, "हा दुसऱ्या गेमवाल्यांचा माणूस दिसतोय."

तिसऱ्याने नुसता हसणारा चेहरा टाकला, आणि त्याच्याखाली एकशेबारा जण हसले. ग्रुपचा माहितीकोश होता, त्यात प्रितमने आकडा दुरुस्त केला. तासाभरात कोणीतरी परत दोनशे मेगाटन केला. प्रितमने पुन्हा दुरुस्त केला. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी त्याला माहितीकोशात लिहायची बंदी झाली.

"दिवसभर दगडाचा धंदा," आई म्हणाली, "आणि घरी आल्याव मोबाईलमदी पन दगडच. मानूस सुटका म्हनून तरी पानी बघतो."

मग एक दिवस कंपनीने जाहीर केलं की गेमची दुसरी आवृत्ती येतेय आणि सगळ्या शस्त्रांची शास्त्रीय माहिती लिहायला एक माणूस हवाय. कायमची नोकरी. चाचणी म्हणून अगस्ती तोफेचा अंदाज पाच पानांत मांडून पाठवायचा. प्रितमने जाहिरात तीनदा वाचली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला आकडा कुठून आला हे विचारत होतं.

दुसऱ्या दिवशी सुरुंगाला पंधरा मिनिटं होती. सेन्सर चिकटवून झाला होता आणि तो जोत्यावर बसून पुन्हा तोच व्हिडिओ बघत होता. दत्ताराम काका पाण्याची कळशी घेऊन खाली आले होते. त्यांनी खांद्यावरून डोकावलं.

"ह्या काय?"

"गेम आहे काका. तोफेने धोंडा फुटतो."

"परत लाव बघू." काकांनी डोळे बारीक केले. धोंडा फुटला. "परत." पुन्हा फुटला. "नऊ."

"नऊ काय?"

"नऊ वेळा फुटलो. एकदम नाय फुटूक. तुमच्या खड्ड्यात फुटता ना, रांगेरांगेन? तसा."

प्रितमने व्हिडिओ सगळ्यात सावकाश लावला. खरंच. धोंडा एका क्षणात फुटत नव्हता. तुकडे नऊ हप्त्यांत सुटत होते, मध्ये अगदी सारखं अंतर. दोन वर्षं तो धोंड्याची रुंदी मोजत बसला होता आणि हे त्याला दिसलं नव्हतं.

दगड फोडणाऱ्याला यातलं मर्म सांगावं लागत नाही. वस्तीत सुरुंग लावताना सगळा माल एकदम उडवत नाहीत. रांगा पाडतात, प्रत्येक रांग थोडी उशिरा उडवतात. दगड तेवढाच फुटतो, पण हादरा एका रांगेपुरताच बसतो. चाळीतल्या भिंती उभ्या राहतात त्या याच्यावर. डिलाईल रोडच्या खड्ड्यातही रोज नऊ रांगा असायच्या, आणि काका गॅलरीत उभे राहून त्या कानाने मोजायचे. एकदा ते वरून ओरडले होते, "आठच वाजले, एक रांग ऱ्हवली," आणि खरोखरच एक रांग न फुटता राहिली होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खड्ड्यात कोणाला उतरू दिलं नव्हतं.

म्हणजे अगस्ती तोफ एक गोळा मारत नव्हती. ती सतरा-सतरा टनांचे नऊ फटके मारत होती, एकामागोमाग एक, मुद्दाम अंतर ठेवून. का? तर धक्का आपल्याच यानाला बसू नये म्हणून. टिटवी धोंड्याच्या इतक्या जवळ उभी राहून शाबूत का राहते, हा ग्रुपवरचा जुना प्रश्न होता. तो सुटला. ज्याने ही तोफ कल्पिली त्याला सुरुंगाचं काम येत असणार, असं प्रितमला वाटलं, आणि त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल त्याच्या मनात मोठा आदर दाटून आला.

पाचाची नऊ पानं झाली. त्याने पाठवली. आठव्या दिवशी बोलावणं आलं: गुरुवारी चार वाजता.

शेडमध्ये एसी जोरात होता. श्रेया साठे नावाच्या बाई होत्या, गेमची रचना त्या बघायच्या. त्यांच्या शेजारी विनीत म्हणून एक जण, प्रोग्रॅमर, पायात चप्पल, हातात चहा. प्रितमची पानं टेबलावर होती आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. कोणीतरी वाचलं होतं. त्याला बरं वाटलं.

"तुमचा नऊ फटक्यांचा भाग," श्रेया म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी दोनदा वाचला. फारच सुंदर आहे."

"थँक यू, मॅडम. ज्यांनी ते बसवलंय त्यांना मला भेटायचं होतं."

विनीतने चहाचा कप खाली ठेवला. "मीच बसवलंय ते. पण ते तसं नाहीये, बॉस."

"म्हणजे?"

"दोन हजार तुकडे एकदम मोकळे केले की स्वस्तातला फोन अडकतो. म्हणून मी ते नऊ हप्त्यांत वाटले. दहा केले असते तर उशीर दिसला असता, आठ केले की फोन अडकायचा. सुरुंग बिरुंग काही नाही. मला तर वाटलं होतं, कोणाला कळणारच नाही."

प्रितमने टेबलावरच्या पानांकडे पाहिलं. नऊ पानं. त्यातली चार या हप्त्यांवर. त्याने तोफेचं गणित मांडलं नव्हतं. एका स्वस्त फोनची दमछाक मोजली होती, आणि तीही अचूक. आपल्याला फक्त एकच खड्डा माहीत आहे, म्हणून आकाशातही तोच दिसला, हे त्याला तिथेच बसल्या बसल्या कळलं.

"ती चार पानं काढून टाका मग," तो म्हणाला. "पण दीडशे टन बरोबर आहे. धोंडा तेवढाच आहे, तुकडे तेवढेच आहेत."

"असेल ना," श्रेया म्हणाल्या. "पण पोस्टरवर दोनशे मेगाटन आहे. ते आता बदलता येणार नाही."

"दोनशे मेगाटन असेल तर धोंड्याचे तुकडे उरायला नकोत. वाफ व्हायला हवी."

"वाफ दिसत नाही हो. तुकडे छान दिसतात."

"मग आकडा कमी करा."

"छोटा आकडा कोण वाचेल?"

हेच प्रितमने वेगळ्या शब्दांत रोज ऐकलं होतं. चाळीत.

श्रेया वाईट नव्हत्या. त्यांनी पानं नीट रचून त्याच्यासमोर सरकवली. "असं करा. आकडा दोनशे मेगाटनच ठेवायचा. तो शास्त्रात कसा बसेल, एवढं एक पान लिहून सोमवारपर्यंत द्या. तुमच्याइतकं दगडाचं कोणाला कळत नाही, हे आम्हालाही दिसतंय. ते पान जमलं, तर जागा तुमची."

तीन दिवस. शुक्रवारी तो जोत्यावर बसून विचार करत राहिला. बाकीची ताकद प्रकाशात जाते? मग यान जळालं असतं. धोंड्यात लोखंड भरलंय? तरी तुकडे असे पडले नसते. शनिवारी त्याने धोंडा मोठा करून पाहिला, तर यान तेरा किलोमीटर लांब करावं लागत होतं. रविवारी सकाळी आई बाजाराला निघताना म्हणाली, "किती रं डोकं खाजवतंस? त्यांना पायजे ते लिव आनि नोकरी घे."

"आई, सव्वादोनच्या सुरमईला तू तीन म्हणशील?"

"मी नाय म्हननार," ती टोपली उचलत म्हणाली. "पन मना कोनी नोकरी देत नव्हता."

हे तिचं म्हणणं त्याला खोडता आलं नाही. त्याने खरोखर प्रामाणिकपणे लिहायला घेतलं. चार ओळी खोट्या लिहिल्या, त्या चांगल्या दिसत होत्या. पाचव्या ओळीला आकडा लागत होता, आणि आकडा मांडला की पहिल्या चार ओळी पडत होत्या. शेवटी संध्याकाळी त्याने जे पान पाठवलं त्यात असं लिहिलं होतं: दोनशे मेगाटन मान्य केले, तर या तोफेच्या ताकदीतला तेरा लाखांतला एक भाग धोंड्याला लागतो, बाकी सगळी वाया जाते. वाटीभर चहासाठी गिरणीचा बॉयलर पेटवल्यासारखं. अशी तोफ बनवणाऱ्याला कामावरून काढायला हवं. आणि खाली, कोणी न विचारता, त्याने आणखी एक परिच्छेद जोडला होता. हप्ते तुमच्या फोनसाठी असतील तर असोत, पण तुकडे वाटेल तिथून सुटतात ते चूक आहे. दगड मोकळ्या बाजूकडे फुटतो. गोळा लागलेल्या बाजूची रांग आधी सुटायला हवी, मग तिच्यामागची, मग तिच्यामागची. धूळ सगळ्यात शेवटी. सोबत खड्ड्याची हाताने काढलेली आकृती, नऊ रांगांची.

बुधवारी उत्तर आलं. आपल्या मेहनतीबद्दल आभार, आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे.

त्यानंतरचे दिवस प्रितमने कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. दीड वाजता भोंगा, दोन पॉइंट आठ, वरून काकांचा टोमणा, सही. गेम त्याने फोनमधून काढून टाकला. राजाराम साहेबांना एकदा उगाचच उलटून बोलला, मग माफी मागितली. काकांना मात्र सगळं सांगितलं. त्यांच्या 'नऊ'मुळेच तर चार पानं वाढली होती. काका म्हणाले, "मी नऊ मोजले. नऊच होते. सुरुंग हा असा मी खंय म्हटलंय?"

चार महिन्यांनी दुसरी आवृत्ती आली. लोअर परळच्या पुलाखाली मोठं पोस्टर लागलं: अगस्ती तोफ, आता पाचशे मेगाटन. प्रितमने तो आकडा दोनदा वाचला. मग न राहवून त्याने गेम परत घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सुरुंगाच्या आधी, जोत्यावर बसून, स्क्रीनचा व्हिडिओ चालू ठेवून धोंड्यावर गोळा मारला.

गोळा लागलेल्या बाजूची रांग आधी सुटली. मग तिच्यामागची. मग तिच्यामागची. धूळ सगळ्यात शेवटी आली, सावकाश, खड्ड्यावर येते तशी.

त्याने नावांची यादी उघडली. शस्त्र-सल्लागार म्हणून कोणा हेरंबचं नाव होतं. त्याने यादी खालपर्यंत सरकवली, परत वर सरकवली. तांडेल कुठेच नव्हतं. ग्रुपवर कालपासून साडेतीनशे निरोप आले होते, सगळे पाचशे मेगाटनवर. धोंडा कसा फुटतो यावर एकही नाही.

तो जिने चढून तिसऱ्या मजल्यावर गेला. काका खुर्चीत बसले होते.

"काका, हे बघा."

त्यांनी फोन हातात घेतला. धोंडा फुटला. "हां," ते म्हणाले. "आता बरोबर. मागे फुटत होतो तो भजी तळल्यासारखो. ह्यो दगड फुटलो." मग मान वर करून, "तुया सांगलंस त्यांका?"

"हो."

"नाव घातल्यानी तुझा?"

"नाही."

काकांनी परत लावलं. परत बघितलं. तिसऱ्या वेळी फोन कानाजवळ नेला.

"आठ," ते म्हणाले.

"नऊ आहेत काका. मी नऊची आकृती दिली होती."

"आठ. शेवटची रांग फुटूक नाय. खरो खड्डो असतो तर मी कोणाक उतराक दिलं नसतं."

प्रितमने फोन घेतला आणि व्हिडिओ सगळ्यात सावकाश लावला. एक, दोन, तीन. सहा, सात, आठ. नववी रांग नव्हती. धोंड्याच्या मागच्या बाजूचा एक पट्टा तसाच्या तसा, न फुटता, तुकड्यांच्या गर्दीतून तरंगत निघून जात होता. कोणीतरी उशीर दिसू नये म्हणून एक हप्ता कापला होता, आणि त्या रांगेचे तुकडे दुसऱ्या कुठल्या हप्त्यात घालायला विसरला होता.

जाऊ दे, असं त्याने स्वतःला सांगितलं. नाव नाही, नोकरी नाही. त्यांचा धोंडा आहे, त्यांनी बघावं.

खाली भोंगा वाजला. रस्त्यावर शिट्ट्या सुरू झाल्या. जोत्यावर पेटी तयार होती आणि त्याला दोन मिनिटांत तिथे पोचायचं होतं. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर तो थांबला, फोन काढला, आणि श्रेया साठेंच्या जुन्या पत्त्यावर अंगठ्याने लिहिलं: मॅडम, तुमची नववी रांग फुटलेली नाही. माझ्या आकृतीशी ताडून बघा. आणि आकडा अजूनही दीडशे टनच आहे.

पाठवलं, आणि दोन-दोन पायऱ्या सोडत तो खाली धावला. वर गॅलरीत काका कठड्याला हात टेकून मोजायला उभे राहिले होते.